निसर्ग बसवून मिळेल

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात येणाऱ्या पर्यटकाच्या मागण्या तशा फार नसतात. त्याला डोंगर हवा, पण गाडी वरपर्यंत गेली पाहिजे. चुलीवरची भाकरी हवी, धूर मात्र डोळ्यांत जाता कामा नये. मोबाइलला रेंज नको, फक्त रील चढण्यापुरती असली की झालं. गावात सिमेंटची घरं दिसली की त्याचा विरस होतो, जणू मातीच्या भिंती त्याच्या फोटोसाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने केला होता आणि पुढे तो मोडला. या सगळ्याच्या वर त्याला हवा असतो माणसाचा हात न लागलेला निसर्ग. बाकीच्या मागण्या होमस्टेवाला कशाबशा भागवतो. ही शेवटची भागवणं मात्र पाटणात भलतंच अवघड आहे. माझं म्हणणं असं की, महाराष्ट्रात माणसाने ज्या मुलखाची मनसोक्त उलथापालथ केली त्यात हा तालुका फार वरच्या नंबरावर लागेल, आणि तो बघण्यासारखा आहे तो मुख्यतः त्याच कारणाने.

सुरुवात पाण्यापासूनच करू, कारण पर्यटकही तिथूनच करतो. कोयनेच्या शिवसागराच्या काठावर उभं राहून तो दोन्ही हात पसरतो आणि निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र आहे याविषयी चार शब्द बोलतो. ज्या पाण्यापुढे तो क्षुद्र होतो ते पाणी पाटबंधारे खात्याच्या मालकीचं असतं. धरणाच्या भिंतीची उंची १०३ मीटर, साठा सुमारे १०५ टीएमसी, आणि फुगवटा उत्तरेला पार तापोळ्यापर्यंत पोहोचलेला. त्या तापोळ्याला आता मिनी काश्मीर म्हणतात. धरणाच्या शेपटाला काश्मीर म्हणून घ्यायला कोणाचीच हरकत दिसत नाही. मुळात कोयना महाबळेश्वरात उगवते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेच्या गळ्यात पडते. पुढची वाट बंगालच्या उपसागराची. हा नदीचा जुना बेत. नव्या बेतात तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून उलट दिशेला, पश्चिमेला जातं, सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांत जनित्रं फिरवतं आणि पोफळीच्या अंगाने कोकणात उतरून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली आहे. आता याच तालुक्यात सडावाघापूरला एक उलटा धबधबा आहे. पावसाळ्यात कड्यावरून खाली पडणारं पाणी दरीतला वारा परत वर भिरकावतो आणि बघणारे नखशिखान्त भिजतात. ते बघायला शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. वाऱ्याने चार बादल्या पाणी उलटं उडवलं त्याचं एवढं कौतुक, आणि अख्खी नदी एका समुद्राच्या वाटेवरून उचलून दुसऱ्या समुद्राच्या वाटेला लावली, तिच्याकडे पाठ करून सेल्फी.

वाऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, तोही इथे मोकळा नाही. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या त्याला गेल्या पंचवीसेक वर्षांपासून कामाला लावत आल्या आहेत. पर्यटकाला त्या चालतात, कारण त्या पांढऱ्या आहेत आणि फोटोत बऱ्या दिसतात. विजेचा खांब मात्र चालत नाही. तो फोटोतून खोडावा लागतो. पवनचक्कीने केलेली वीज खांबाशिवाय मुंबईला कशी पोहोचत असेल, हा प्रश्न सहलीच्या कार्यक्रमात बसत नाही. जंगलाचंही तेच. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला २०१०ला. व्याघ्र प्रकल्प झाला, फक्त वाघांची चणचण होती. शेवटी २०२५ साली ताडोब्याकडून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. माणसांना धरणासाठी उठवून बाहेर नेलं आणि वाघाला बाहेरून उचलून आत आणलं, इतकी चोख अदलाबदल महसूल खात्यालासुद्धा सहसा जमत नाही. राहता राहिला भूकंप. निदान तो तरी अस्सल निसर्गाचा असेल, असं वाटू शकतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेचा अभ्यास करतात तो याचसाठी, की धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचं ते सर्वांत ठळक उदाहरण मानलं जातं. म्हणजे इथली जमीन हलते तीसुद्धा पाटबंधारे खात्याशी सल्लामसलत करून.

एवढ्यावर कोणी म्हणेल, तळं कोणी केलं याने त्याचं देखणेपण कमी होतं का? अजिबात नाही. संध्याकाळी शिवसागर जो दिसतो तो दिसतोच, आणि त्याचा सातबारा मागत बसणारा माणूस सहलीला सोबत नेऊ नये. माझी तक्रार देखणेपणाबद्दल नाही. 'इथे कधी कोणी नव्हतंच' अशा थाटात जे बघितलं जातं, त्याबद्दल आहे. इथे माणसं होती. धरणाखाली आणि फुगवट्याभोवती शंभरेक गावं उठली. कोणी सोलापूर-सांगलीकडे गेलं, कोणी ठाणे-रायगडला. त्यांच्या जमिनीचे आणि नागरी सुविधांचे प्रश्न घेऊन पुढच्या पिढ्या आजही आंदोलनाला बसतात. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांची जोती वर येतात, आणि पर्यटकाला तिथे 'हॉण्टेड' वाटतं. ज्या शांततेसाठी तो रात्रीचे अडीच-तीन हजार मोजतो, तिचा बराचसा भाग त्या गावांच्या रिकाम्या जागेतून आलेला आहे. धरणाच्याही आधीपासून हा तालुका माणसं बाहेर पाठवत आला. खडकाळ डोंगरउताराच्या तुकड्यांत घर भागेना म्हणून इथली पोरं मुंबईला गेली, गिरणीत लागली, बाजारात पाठीवर ओझी वाहू लागली. १९६९च्या माथाडी कायद्यामागे ज्यांची चळवळ होती ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. तेव्हा मुंबईकर पाटणला मोकळी हवा खायला येतो ती हवा मोकळी का आहे, याचं उत्तर त्याच्याच शहरातल्या भाजी मार्केटात पोती उतरवत असतं.

दुसरा आक्षेप परदेशाच्या वारीला जाऊन आलेल्या मंडळींचा: फ्रान्सच्या खेड्यांत बघा, त्यांनी निसर्ग कसा जपलाय! हा आक्षेप मला फार आवडतो, कारण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हान्स प्रांत घ्या. टूरवाल्यांच्या माहितीपत्रकात तिथलं सेंत-क्रुआचं हिरवट-निळं तळं असतं, त्यात पायाने चालवायच्या होड्या असतात. ते तळं म्हणजे व्हर्दों नदीवर सत्तरच्या दशकात बांधलेल्या वीजधरणाचा फुगवटा. त्याने ले साल नावाचं गाव बुडवलं आणि तेच गाव काठावर नव्याने वसवावं लागलं. पलीकडे वालांसोलच्या पठारावर जांभळ्या लव्हेंडरच्या ओळी दिसतात. त्यात बहुतेक एक संकरित जात, साबण आणि सुगंधी तेलाच्या धंद्यासाठी लावलेली. त्या ओळींत उभं राहून पांढरा फ्रॉक वाऱ्यावर सोडणं आणि आपल्याकडे सोयाबीनच्या शेतात नऊवारी नेसून फिरणं यांत पीक सोडलं तर फरक नाही. आणखी पश्चिमेला लांदचं अफाट पाइनचं जंगल, तेही बरंचसं एकोणिसाव्या शतकात कायदा करून दलदलीवर लावलेलं. तेव्हा फ्रान्सचं खेडंही राबतं खेडंच आहे. त्या लोकांनी केलं एवढंच की राबण्याचंच प्रदर्शन मांडलं. चीज कसं मुरतं ते बघायचे पैसे, द्राक्षं कशी तुडवतात त्याचे पैसे, आणि वर ते चीज विकत घ्यायचे पैसे निराळे. आपल्याकडे पर्यटकाला कष्ट दिसू नयेत म्हणून गोठा घरामागे लपवला जातो आणि पुढे 'आय लव्ह कोयना' लिहिलेली लोखंडी अक्षरं उभी राहतात.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे. पश्चिम घाट कोट्यवधी वर्षांचा, कोयना अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. ओझर्डेचा धबधबा कोणा इंजिनिअरने बांधला नाही, आणि नवजाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो कोणाची परवानगी घेऊन नव्हे. हे कबूल. कातळ आणि पाऊस इथले मूळ मालक आहेत. पण खऱ्या निसर्गाची ओढ आहे म्हणणाऱ्याने त्याचं खरं वागणंही सोसायला हवं. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. तो याच हिरव्यागार उतारांचा, याच ढगांचा निसर्ग होता, आणि त्याची रील कोणी काढली नाही. माणसाने हात लावून, चर खणून, पायऱ्या कोरून त्याला थोडा आवरला तेवढाच तो राहण्याजोगा आणि म्हणून बघण्याजोगा झाला. दातेगडावर जाऊन पाहावं. अख्ख्या कातळात तलवारीच्या आकाराची विहीर खोदून खाली पाण्यापर्यंत पायऱ्या नेल्या आहेत. ती ज्यांनी खोदली त्यांना निसर्गाच्या कुशीत शिरायचं नव्हतं. त्यांना तहान लागली होती.

यात सगळा दोष पर्यटकाच्या माथी मारणं बरोबर नाही. जे खरं बघण्यासारखं आहे ते त्याला दाखवायची सोय कुठे आहे? डोंगराच्या पोटातलं वीजगृह बघायचं तर आधी परवानगीचा अर्ज. धरणाच्या भिंतीवर पाय ठेवायला मनाई, आणि सुरक्षेचा विचार केला तर ती रास्तही आहे. पण अर्ज नाकारणाऱ्याने निदान एक मोठा नकाशा तरी लावावा, ज्यात पाणी कुठून कुठे जातं आणि गावं कुठून कुठे गेली हे दिसेल. त्याऐवजी कोयनानगरात नेहरू उद्यान आहे. तिकीट काढून आत गेलं की रांगेत लावलेली फुलं, कापलेली हिरवळ आणि कारंजं. तिथून लांबवर धरण दिसतं. पर्यटक कारंज्यासमोर उभा राहतो, धरण मागे येईल असा फोन धरतो आणि रात्री होमस्टेवर दहा मिनिटं लाइट गेली की मालकाला विचारतो, "इथे विजेचा एवढा प्रॉब्लेम का आहे हो?" मालक पाटणचा असतो. तो कोयनेच्या १,९६० मेगावॉटचा हिशेब सांगत बसत नाही, मेणबत्ती आणून देतो आणि बिलात लावतो.