रीमॅपवीर

सोसायटीत रात्री दहाला जुनी पोलो जीटी टीएसआय शिरते ती सगळ्यांना कळवूनच. आधी पाइपातून घर्रर्र, मग ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर फट्-फट्, आणि मग धनी खाली उतरून, मान वाकडी करून, बॉनेटकडे कान देऊन उभा. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या या छोट्या गाडीला १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि १०५ अश्वशक्ती मिळाली होती. यानं लॅपटॉपवाला गाठला, स्टिअरिंगखालच्या पोर्टात वायर घालून इंजिनच्या संगणकाचा हिशेब नव्यानं मांडून घेतला आणि आकडा १३०च्या घरात नेला. यालाच 'स्टेज वन' रीमॅप म्हणायचं. ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरचा आलेख लॅमिनेट होऊन ग्लव्ह बॉक्समध्ये असतो, पीयूसीच्याही वर. शेजारी म्हणतात, पोराला वेगाचं वेड आहे. हे निदान साफ चुकीचं वाटतं. वेगाशी त्याचा संबंध बेताचाच. त्याला हवा असतो तो कंपनीशी मतभेद.

पुरावा पाहा. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला एवढ्याशा गाडीला जेमतेम वीस अश्वशक्ती पुरते, आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारीला त्याहून जास्त वेगाची परवानगीच नाही. म्हणजे मूळच्या १०५मधल्याही बऱ्याचशा एरवी बसूनच होत्या. आता त्यांच्या सोबतीला आणखी पंचवीस आल्या, आणि सगळ्या मिळून चांदणी चौकात पहिल्या गिअरवर सरकतात. त्याहून बोलका पुरावा एअर फिल्टरचा. कंपनीचा काळा डबा पुढच्या जाळीकडून थंड हवा घेतो. हा तो काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बसवतो, जो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्क्यांनी उतरते. इंजिनाला प्राणवायू तेवढा कमी. ताकद घटली, पण हवा ओढल्याचा आवाज मात्र दुप्पट झाला, आणि आपला माणूस खूश! खरंच वेग हवा असता तर त्यानं आधी टायर आणि ब्रेक पॅड बदलले असते. तिथे तो 'अजून चालतील की' म्हणतो.

यावर कुणी म्हणेल, घाटात एसटी ओलांडताना ही ताकद कामी येतेच. येते, नाही कोण म्हणतो? टर्बोचा दाब सॉफ्टवेअरच्या हातात असल्यामुळे अशा इंजिनात रीमॅप ही थाप नसते. बिनटर्बोच्या गाडीत तेवढ्याच खर्चात हाती फारसं काही लागत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये मिळणारा टॉर्कचा रेटा खरा, आणि ओलांडणं लवकर उरकलं तर ते सुरक्षितही. पण कंपनीनं राखलेली जागा उगाच नव्हती. ती मे महिन्यातल्या नागपूरसाठी होती, भेसळीच्या पेट्रोलसाठी होती, दोन वर्षं ऑइल न बदलणाऱ्या मालकासाठी होती. त्या गाडीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही २५० न्यूटन-मीटरच्या हिशेबानं बांधलेला. इंजिनाला मूळचे १७५ असताना तो निवांत होता, आता ती मर्यादा हाकेच्या अंतरावर आली. हे सगळं आपल्या वीराला ठाऊक असतं, आणि तरी तो म्हणतो, "कंपनीनं इंजिन दाबून ठेवलंय." जणू बँकेनं याची मुदत ठेव अडकवली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या नादात माणूस इंजिन शिकतो. अगदी मान्य. बाकी सोसायटीला आपल्या गाडीतलं फक्त चाकातल्या हवेचं प्रेशर ठाऊक असतं. हा इग्निशन टायमिंग, बूस्ट, नॉकिंग यांवर जेवण थंड होईस्तोवर बोलतो. पण तज्ज्ञाशी वाद घालायचा तर अभ्यास करावाच लागतो, तेव्हा मुद्दा माझ्याच बाजूचा ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करणारं, तेही यानं वाचलेलं असतं आणि त्यावर त्याचं स्वतंत्र भाष्य असतं: "सीसी तीच, रंग तोच, बदललं काय?"

फक्त सर्व्हिसिंगची तारीख आली की हा मतभेद तहकूब होतो. सर्व्हिस सेंटरला कळू नये म्हणून आदल्या दिवशी तो पुन्हा लॅपटॉपवाल्याकडे जातो आणि कंपनीचा मूळ हिशेब परत भरून घेतो. मग दोन दिवस "गाडी मेलीये रे" असं म्हणत तो त्याच १०५ अश्वशक्तीवर ऑफिसला जातो, आणि रोजच्याच वेळेला पोचतो.