भर दुपारी दिवे लावले!

पॉइंट कुक, मेलबर्न
१० जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


"छपरावर पॅनल लावून बिल किती कमी झालं ते आकड्यांत कळव, गप्पा नकोत," असा बाबांचा व्हॉट्सॲपवर हुकूम आला. आकडे देते. पण वीज मंडळात उभी हयात घातलेल्या माणसाला नुसते आकडे पाठवले, तर उलटटपाली दहा शंका येणार हे ठरलेलं. त्यामुळे गप्पाही येतील. कराडच्या घरावर पॅनल बसवायचं घाटत असेल, तर त्या ऐकलेल्या बऱ्या.

आधी बिल. तीन महिन्यांचं बिल पूर्वी पाचशे-साडेपाचशे डॉलर यायचं. आता उन्हाळ्यात दोनशेच्या आसपास येतं आणि हिवाळ्यात साडेतीनशेच्या खाली उतरायला तयार नसतं. शून्य कधीच येत नाही. "ऊन फुकट, मग बिल कसलं?" असं मोठी विचारत होती. म्हटलं, आजोबांना विचार. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार ही सगळी मंडळी बिलावर का येऊन बसतात, हे त्यांनी सगळ्या कराडला समजावून झालंय. इथे या सगळ्यांच्या वतीने एकच आकार येतो, रोजचा डॉलर-सव्वा डॉलर. घरात दिवा लागो न लागो, तो लागतोच.

पॅनल बसवले २०२२ च्या सप्टेंबरात. ४१५ वॅटचे १६, म्हणजे ६.६ किलोवॉट, आणि इन्व्हर्टर मात्र ५ किलोवॉटचा. "दीड किलोवॉट कुठे मुरला?" असं बाबांनी तेव्हाच विचारलं होतं. मुरला नाही. पॅनल कागदावर लिहिलेली पूर्ण वीज क्वचितच देतात, म्हणून इन्व्हर्टरपेक्षा तिसरा हिस्सा जास्त पॅनल लावायला इथले नियम परवानगी देतात. अर्ध्या ऑस्ट्रेलियाच्या छपरावर हाच ६.६ चा आकडा सापडेल. केंद्राचं अनुदान विक्रेता परस्पर किमतीतून वजा करतो, वर व्हिक्टोरिया राज्याचे १,४०० डॉलर मिळाले. आमच्या खिशातून पाच हजारांच्या आत-बाहेर गेले. वर्षाला हजारेक डॉलर वाचतात, पुढचा हिशेब तुम्ही तोंडी कराल.

दिशेवरून झालेलं रामायण आईला आठवत असेल. पॅनल उत्तरेला तोंड करून बसवताहेत हे व्हिडिओ कॉलवर दिसल्याबरोबर बाबा ओरडले, "माणूस फसवतोय तुम्हाला! दक्षिणेला करायला सांग!" बाबा, तुम्ही सतराव्या अक्षांशाजवळ विषुववृत्ताच्या वर, आम्ही अडतिसाव्याजवळ त्याच्या खाली. इथला सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. यावर तुम्ही दोन दिवस काही बोलला नाहीत. आईने मात्र "उत्तर म्हणजे कुबेराची दिशा, बरंच झालं" म्हणून एका वाक्यात निकाल लावला. आता संक्रांत चार दिवसांवर आलीय म्हणून सांगते, तुमचं उत्तरायण सुरू झालं की आमचं उत्पादन उतरायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिवसाला ३५ युनिटच्या पुढे जाणारे हेच पॅनल जूनमध्ये दहावर येतात. आणि जूनमध्येच हीटर लागतो. कुबेराने हिवाळ्याचं काय करायचं ते ठरवलेलं दिसत नाही.

आता खरी गंमत. जास्तीची वीज आपण कंपनीला विकतो आणि पैसे मिळतात, एवढं तुम्हाला माहीत आहे. किती मिळतात ते सांगायला मीच टाळत होते. आम्ही पॅनल लावले त्या वर्षी व्हिक्टोरियात किमान दर युनिटला ५.२ सेंट होता. मग ४.९ झाला, मग ३.३. गेल्या जुलैपासून किमान दर हा प्रकारच गेला, कंपनी देईल ते घ्यायचं. आणि तीच वीज संध्याकाळी परत घ्यायला गेलं की तीस सेंट! व्यापाऱ्याने लुटलं म्हणावं तर तसंही नाही. ऑस्ट्रेलियात तीन घरांमागे एकाच्या वर छपरांवर पॅनल आहेत, सगळ्यांची वीज दुपारी बारालाच येते, आणि घाऊक बाजारात त्या वेळी भाव कधीकधी शून्याच्याही खाली जातो. आपल्याकडे टोमॅटोचं पीक एकदम बाजारात आलं की होतं तेच.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील आल्टोनाला राहतात, मूळचे ग्रीक. त्यांनी २००९ च्या योजनेत पॅनल लावले. तेव्हा युनिटला ६० सेंट मिळायचे, बाबा, साठ! घरात वापरून उरेल त्यावर. त्यामुळे या गृहस्थांच्या घरी दुपारी चहाला आधण ठेवायला बंदी होती. कपडे रात्री धुवायचे, इस्त्री रात्री, दिवसा फक्त सूर्याने कमवायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात ती योजना संपली, आणि त्यांच्या बायकोने म्हणे त्याच दुपारी ओव्हन लावून केक केला.

आमचं बरोबर उलटं. आम्हाला विकून काही मिळत नाही, म्हणून दुपारीच सगळं वापरून टाकायचं. म्हणजे लहानपणी तुम्ही आम्हाला जे जे करू नका म्हणून रागावलात, ते ते आता करायचं. खोलीतून बाहेर पडताना चाळीसचा बल्ब चालू राहिला तर "बापाचं वीज मंडळ आहे का?" म्हणायचात. (म्हणजे, होतंच की.) आता मी दुपारी घरभर फिरून ओरडते, "कुणी काही चालू करत का नाही? एवढी वीज वाया चाललीय!" धाकटा हुशार आहे. तो बाराच्या ठोक्याला टीव्ही लावून बसतो आणि विचारलं की म्हणतो, "आई, सोलर आहे." त्याला सांगितलं, टीव्हीला शंभर वॅट लागतात, तेवढ्याने काही होत नाही, खरी मदत करायची असेल तर वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाक. तेव्हापासून त्याचा सौरऊर्जेतला रस कमी झालाय.

रविवारी दुपारचा देखावा तुम्ही एकदा पाहायला हवा. मशीनमध्ये कपडे, भांड्यांचं मशीन चालू, पाणी तापायला लावलेलं, गॅरेजमध्ये घरघंटीवर ज्वारी, इंडक्शनवर कुकर. तुमचे जावई मधोमध फोन घेऊन उभे. फोनवर दोन आकडे दिसतात, छपरावरून येतेय किती आणि घरात जातेय किती. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तोवर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते आमच्या लग्नातही नव्हतं. पण हे मेलबर्न आहे, इथे एका दिवसात चार ऋतू येतात अशी ख्यातीच आहे. परवा सगळं ऐन रंगात आलेलं असताना "ढग!" अशी आरोळी आली. साडेचार किलोवॉटवरून आकडा घसरत एकाच्या खाली. "घरघंटी बंद करा! पाणी बंद करा!" मोठी गॅरेजकडे, मी स्वयंपाकघराकडे. घरघंटी बंद केली तेव्हा पाळीत अर्धं पीठ आणि अर्धी भरड. पाच मिनिटांनी ढग सरकला. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी (त्या सध्या इथेच आहेत) शांतपणे चहासाठी विजेची किटली लावली. त्या किटलीला २,२०० वॅट लागतात, घरघंटीच्या जवळजवळ तिप्पट, हे जावयांनी त्यांना नम्रपणे सांगितलं. "मग चहा नको का?" एवढंच त्या म्हणाल्या. चहा झाला.

खरं सांगायचं तर आमचं बिल उतरवलंय ते सासूबाईंनी. आम्ही दोघं ऑफिसात आणि मुलं शाळेत असताना दुपारचं ऊन वापरणार कोण? त्या आल्यापासून कपडे, कुकर, दुसऱ्या दिवशीची उसळ, सगळं अकरा ते दोनमध्ये उरकतं. इथे दुपारी तीन ते रात्री नऊ हा महाग दराचा वेळ असतो आणि आमच्या घरी त्या वेळात फक्त पोळ्या होतात. जावई त्यांना "आमचं लोड मॅनेजमेंट" म्हणतात. त्यांना ते कौतुक वाटत नाही.

गॅस अजून ठेवलाय. इथलं सरकार गॅसच्या मागे लागलंय, २०२४ पासून बहुतेक नव्या घरांना गॅसची जोडणी मिळत नाही. पण इंडक्शनवर भरताचं वांगं कसं भाजायचं ते सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पापडसुद्धा. तोवर एक शेगडी राहील, मग बिल दोन का येईनात.

बाबांना एक गोष्ट फोनवर अर्धवटच सांगितली होती. २०२४ च्या १३ फेब्रुवारीला इथे मोठं वादळ झालं. गीलाँगजवळ अनाकीला उच्चदाब वाहिनीचे मनोरे आडवे झाले आणि राज्यात पाच लाखांवर घरांची वीज गेली, आमचीही. आई तेव्हा म्हणाली होती, "तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? मग पंखा लावा." आई, आपल्या कपाटाखाली बॅटरीला जोडलेला आहे तो इन्व्हर्टर निराळा. हा फक्त पॅनलची वीज घरातल्या विजेसारखी करून देतो, साठवत काही नाही. वादळ सरलं, ऊन पडलं, डोक्यावर सहा किलोवॉटचे पॅनल तळपत होते आणि खाली फ्रिज बंद. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, त्याला तसं बनवलेलंच असतं. शेजारी चिडला होता, एवढे पैसे घालून उपयोग काय म्हणून. बाबांना सांगितल्यावर ते एका क्षणात म्हणाले, "बरोबर आहे. तारेवर माणूस चढलेला असतो." परमिट घेतल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही, हे आम्ही जेवताना किती वेळा ऐकलंय. खालच्या घराने मागून वीज सोडली तर वरच्या माणसाचं काय होईल, हे शेजाऱ्याला समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. तुमचंच वाक्य वापरलं शेवटी.

आता जावयांना बॅटरी हवीय. गेल्या जुलैपासून केंद्र सरकार बॅटरीच्या किमतीत साधारण तीस टक्के सूट देतंय, आणि तेव्हापासून इथल्या मराठी पुरुषांना दुसरा विषय उरलेला नाही. पूर्वी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत घरांच्या किमती निघायच्या. यंदा श्रीखंड वाढून घेताना मागून ऐकू येत होतं, "तुझी किती?" "तेरा." "माझी वीस घेतोय." मला वाटलं मुलांची वयं चाललीत. मी तूर्त नाही म्हटलंय. पॅनलचे पैसे वसूल होऊ देत, मग पाहू. दुपारची वीज बॅटरीत भरायला लागलो तर सासूबाईंच्या हाताला काम काय राहील, हाही प्रश्न आहेच.

कराडचं सांगते. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते घ्या. तुमच्याकडे महावितरण दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटात वळतं करून घेतं. म्हणजे दुपारी दिलेली वीज रात्री त्याच भावात परत! हे आमच्या नशिबी नाही. तेव्हा तुम्हाला ढगामागे पळायची गरज नाही, बाबांनी खुशाल पूर्वीसारखं दिवे बंद करत फिरावं, वाचेल ते जमेलाच पडेल. पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली येता कामा नये. शेजारच्या शेवग्याचं काय करायचं ते त्यांच्याशी गोडीने बोला, गेल्या वेळसारखं नको. गळिताच्या हंगामात उडून येणारी काळी राख पॅनलवर बसली की वीज घटते, म्हणून नळ गच्चीपर्यंत न्या आणि सकाळी, काच थंड असतानाच धुवा. इथे पाऊस ते काम करतो, आम्हाला त्रास कबुतरांचा. पॅनलखाली संसार थाटतात. जाळी लावून घेतली, तिचे पैसे वेगळे गेले. तुम्ही पहिल्याच दिवशी जाळी लावून मागा.

आणि मुख्य म्हणजे, ३ किलोवॉटला तीनशेक चौरस फूट गच्ची लागते. ती गच्ची एप्रिलमध्ये कुणाची असते, हे बाबा विसरलेले दिसतात. कुरडया, सांडगे, पापड, वर्षाची मिरची. उन्हावर आईचा हक्क मंडळाच्याही आधीचा आहे. तेव्हा अर्ज भरण्याआधी आईला घेऊन वर जा, ती खडूने रेघ मारून देईल, त्या रेघेच्या पलीकडे काय बसतं ते मोजा. दोन किलोवॉट बसले तरी तुम्हा दोघांना पुष्कळ.

बाकी सगळे खुशाल. आईने ज्वारीच्या पापड्या मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवाव्यात, विमानतळावर डिक्लेअर मात्र करायला सांगा.

तुमची,
ताई

ता. क. जावई आत्ता येऊन सांगून गेले की चार किलोवॉट येतेय आणि घरात फक्त माझा लॅपटॉप चालू आहे, इस्त्री का काढत नाहीस. त्यांना इस्त्री, टेबल आणि त्यांचेच अकरा शर्ट काढून दिलेत.