डावा जरा दबतोय

तुम्ही दारात चप्पल काढत असता तेवढ्यात आतून हाक येते, "बरा आलास! बस. अरे, तिथं नको." यापुढचं तुम्हाला माहीत आहे. हा माणूस पुण्यात असतो, डोंबिवलीत असतो, नागपूरला धरमपेठेत तर हमखास असतो. आमच्या वाट्याला आला तो नवा रायपुरात. सेक्टरमधली पोरं त्यांना स्टीरिओकाका म्हणतात. त्यांच्या हॉलमध्ये बसायच्या जागा पुष्कळ, पण खुर्ची एकच. दिवाणावर किंवा मोढ्यावर बसलेल्याला जे ऐकू येतं त्याला काका गाणं मानत नाहीत. त्या एका खुर्चीत तुम्हाला बसवलं जातं, खांदे धरून बोटभर मागे सारलं जातं, हनुवटी वर करायला लावली जाते, बालगंधर्व सुरू होतात, आणि पहिली तान संपते न संपते तोच काका कानाशी वाकून विचारतात, "डावा जरा दबतोय ना?"

'हो' म्हटलं तर तासभर कारणं ऐकावी लागतात. 'नाही' म्हटलं तर दोन तास.

स्पीकर म्हणजे फूटभर उंचीची दोन लाकडी खोकी. ती घरी आली तेव्हा काकूंना वाटलं, मोठे मागून येताहेत. काकांनी त्यांना उभ्या उभ्या बीबीसीचा इतिहास सांगितला. १९७०च्या दशकात तिथल्या इंजिनिअरांनी बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत मावावा म्हणून एलएस३/५ए नावाचा एवढासाच स्पीकर केला, त्यात माणसाचा आवाज इतका खरा यायचा की लोक अजून त्याच्या जुन्या जोड्या शोधत फिरतात, वगैरे. काकू म्हणाल्या, "मग ती गाडीच घ्यायची होती."

अँप्लिफायर आणि स्पीकर यांची पत्रिका जुळवायला काकांनी जेवढा वेळ घेतला तेवढा मुलीच्या लग्नातही घेतला नव्हता. एक स्पीकर चार ओहमचा निघाला, अँपवर भार पडणार म्हणून नाकारला. दुसरा ८४ डेसिबलचा, तिसरा ९०चा. फरक दिसायला सहाचा, पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी ८४वाल्याला चौपट ताकद पुरवायची. हे गणित त्यांनी माझ्या वीजबिलाच्या पाठीवर करून दाखवलं आणि बिल ठेवून घेतलं. जावयाला त्यांनी फक्त पगार विचारला होता.

काका मूळचे जुन्या रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत रतनपूरवर चालून आले, त्या फौजेबरोबर आमचं घराणं आलं असं ते सांगतात. त्यानंतर घराण्यात मोठी हालचाल झाली ती एकदम काकांच्याच वेळी, तात्यापारा ते नवा रायपूर. लोक इथं मंत्रालयाच्या नोकरीमुळे आले, कोणी रुंद रस्त्यांसाठी, कोणी भाव वाढतील म्हणून. काका आले शांततेसाठी. तिकडे घराखालून धुमालवाले जायचे, गणपतीच्या झांक्या रात्रभर चालायच्या, आणि 'मंद्र सप्तकातला षड्ज रिक्षाच्या हॉर्नमध्ये विरघळायचा'. इथं संध्याकाळी सातनंतर चौपदरी रस्त्यावर एक कुत्रं आणि सिग्नल. ब्रोकरने बगीचा दाखवला, पार्किंग दाखवलं. काकांनी त्याला रिकाम्या हॉलमध्ये उभं करून तोंड बंद ठेवायला सांगितलं, स्वतः टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकला आणि बयाणा दिला. माना इथलं विमानतळ जवळ आहे हे नंतर कळलं. आता कुठलं विमान किती वाजता उतरतं हे त्यांना विमानतळापेक्षा नीट ठाऊक आहे, आणि ख्याल त्या हिशेबाने लागतो.

पण हॉलने दगा दिला. हॉल रुंदीला दहा फूट आणि उंचीलाही दहाच. आवाजाला हे चालत नाही. तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, दोन समोरासमोरच्या भिंतींत सापडला की एका ठरावीक स्वराला फुगवतो. दहा फुटांत तो स्वर ५६ हर्ट्झच्या आसपास येतो. भिंतींतही दहा आणि फरशी-छतातही दहा, म्हणजे फुगवटा दुहेरी. डग्गा भुंकायला लागला. स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज आणखी सुजतो, कोपऱ्यात नेला की विचारूच नका. म्हणून दोन्ही स्पीकर भिंत सोडून तीन फूट पुढे आले, वाळू भरलेल्या लोखंडी स्टँडवर चढले, आणि घरातली माणसं भिंतीकडेने ये-जा करू लागली.

इथून सुतळी सुरू होते. गवंडी वापरतो तसली सुतळी काकांच्या लेंग्याच्या खिशात कायम असते. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर सारखं हवं, तिन्ही बाजू समान. सुतळीचं एक टोक ट्वीटरशी, दुसरं ऐकणाऱ्याच्या नाकाशी. ट्वीटर कानाच्या उंचीवर. मग दोन्ही खोकी किंचित आत वळवायची. हे 'किंचित' काका बोटांत मोजतात. रोज कुठलं तरी खोकं एक बोट सरकतं, आणि ते नेहमी डावं असतं.

जागा पक्की व्हावी म्हणून त्यांनी एकदा फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. कामवाली बाई आली, तिने त्या नखाने खरवडून, वर फिनेलने पुसून काढल्या आणि कौतुकाच्या अपेक्षेने उभी राहिली. "साहब, भुइयाँ म चिपके रहिस, मैं जम्मो ला निकाल देंव." काका दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर उजव्या खोक्यावर तिळगुळाचा डबा होता, डाव्यावर कोणाची तरी पर्स, आणि त्या एकमेव खुर्चीत एक भारदस्त वहिनी बसून चिल्याची कृती सांगत होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात सुतळी बोटाला गुंडाळत आणि सोडत उभे होते. मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा चुकून त्यांना माइकची व्यवस्था दिली, तर पहिल्या तीन रांगा उठवून त्यांनी खुर्च्या तिरक्या लावल्या. नाटक सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी झोपून उठलेल्या होत्या.

डाव्याचा तपास मात्र त्यांनी खरोखर शास्त्रशुद्ध केला, एवढं श्रेय द्यायला हवं. आधी संशय तारांवर. तांबडी-काळी उलटसुलट लागली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज गायब होतो. तारा बरोबर निघाल्या. मग डावीकडच्या बाल्कनीची काच. काच आवाज परतवते, म्हणून काकूंच्या माहेरची गोधडी तिच्यावर टांगली. मग दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. आता उजवा दबायला हवा होता. डावाच दबला. मग एका रविवारी आम्हा चार शेजाऱ्यांना बोलावून सगळा सरंजाम समोरच्या भिंतीकडे फिरवला, म्हणजे काच उजवीकडे आली. काका खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने गंभीरपणे म्हणाले, "या खोलीला दोन्हीकडून डावी बाजू आहे."

गंमत अशी की त्यांना ऐकायचं असतं ते बालगंधर्वांचं, आणि ते सगळं जुन्या ७८च्या तबकड्यांवरून सीडीवर उतरवलेलं. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअराने स्टीरिओचं पेटंट १९३१ साली मागितलं खरं, पण बाजारात स्टीरिओ तबकड्या यायला १९५८ उजाडलं. म्हणजे या गाण्यांत डावं-उजवं नाहीच. दोन्ही खोक्यांतून अक्षरशः तेच येतं, आणि आपले दोन कान ते एकत्र करून गायकाला बरोबर मध्यभागी उभं करतात. काकांकडे मात्र बालगंधर्व मध्यभागी कधी उभेच राहत नाहीत. "आज पण उजवीकडे सरकलेत," काका हताशपणे सांगतात, जणू नटसम्राटांना कोणी तरी विंगेकडे ओढतंय. दिवाळीत पुण्याची नात आली, खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजोबा, ते मधेच आहेत की!" काका म्हणाले, "तुझी उंची कमी पडते," आणि तिच्याखाली दोन उशा दिल्या.

मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती. स्पीकर बदलले, तारा बदलल्या, भिंत बदलली, डावा तोच राहिला. न बदललेली एकच गोष्ट त्या खुर्चीत बसलेली होती.

काकूंना हे माझ्या खूप आधी कळलं होतं. एका संध्याकाळी काका फेरफटक्याला गेलेले असताना मी मासिक परत करायला गेलो, तर काकू अँपपुढे वाकून एक गोल खटका डावीकडे फिरवत होत्या. बॅलन्सचा. त्याला काका तत्त्व म्हणून हात लावत नाहीत. बॅलन्स आणि बास-ट्रेबलचे खटके हे अडाण्यांसाठी असतात, खरा ऐकणारा खोली सुधारतो, असं त्यांनी मला अनेकदा बजावलेलं आहे. त्यामुळे तो मधल्या खाचेत आहे की नाही हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

"डाव्या कानानं कमी येतं रे त्यांना," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "सगळी नोकरी एका लोखंडाच्या मिलशेजारी. बसायची जागा अशी, की मिल डाव्या हाताला. तेव्हा कानात कापूससुद्धा घालायचे नाहीत, बाकीचे हसायचे. फोन बघ, आपोआप उजव्या कानाला नेतात. एकदा म्हटलं, कान तपासून या. आठवडाभर गाणं लावलं नाही. मग म्हटलं, राहू दे." आणि खटका आणखी किंचित फिरवला.

म्हणजे ज्या संध्याकाळी काका मान डोलावत "आज जमलं बघ, काल एक बोट आत घेतला ना, त्यानं" असं म्हणायचे, ती सगळी सुतळीची किमया या बाईच्या बोटांत होती. आणि ज्या दिवशी डावा दबायचा त्या दिवशी? "न विचारता देव्हारा हलवला यांनी," काकू म्हणाल्या, "तेव्हा पंधरा दिवस खटका मधेच ठेवला होता मी." तो पंधरवडा मला आठवतो. गोधडी त्याच काळात टांगली गेली.

जन्मभर लोखंडाच्या गडगडाटात बसलेला माणूस म्हातारपणी शांतता शोधत शहराबाहेर येतो, पदरचे पैसे घालून एका गायकाला खोलीच्या मधोमध उभं करू बघतो, आणि त्याला तो दिसतो उजवीकडे. यावर हसायचं मी त्या दिवसापासून थोडं कमी केलं. थोडंच, कारण माणूस तसा छळवादी आहे.

गेल्या महिन्यात काकू मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. जाताना मला किल्ली दिली, कुंडीतल्या तुळशीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, आणि रिक्षात बसताना हळूच, "तो खटका. साडेसहाच्या आत." तेव्हापासून काका फिरायला गेले की मी तुळशीला पाणी घालतो, खटका डावीकडे फिरवतो आणि त्यांची वाट बघत बसतो. बाहेर जाणं झालं आणि यायचं चुकलं की दुसऱ्या दिवशी तक्रार तयार असते, कारण काका रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी अँपची धूळ पुसतात आणि फडक्याबरोबर खटका खाचेत परत येतो.

पण काका म्हणजे निरीक्षक माणूस. आठ-दहा दिवसांत त्यांनी नोंद केली, की मी असतो तेव्हा आवाज मध्यभागी येतो आणि मी नसतो तेव्हा सरकतो. निष्कर्ष त्यांनी काढला तो असा, की उजव्या भिंतीवरून परतणारा आवाज माझ्या पोटात शोषला जातो. त्यांनी खिशातून सुतळी काढली, उजव्या ट्वीटरपासून माझ्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीपर्यंत धरली, फरशीवर खडूने माझ्या मोढ्याचे चार पाय आखले, आणि बाईला तो खडू न पुसण्याची ताकीद दिली. आता मी रोज संध्याकाळी तिथंच बसतो. काल निघताना म्हणाले, उद्यापासून हाच खादीचा सदरा घालून येत जा. परवाच्या टेरिकॉटनं सगळी तान परतवली.