सव्वादोनशे फुटांतला लोकसंख्याप्रश्न

काळाचौकीत सध्या एक नवी काळजी शिरली आहे. पार्किंग, पुनर्विकास आणि वर्गणी या तिन्ही जुन्या काळज्या बाजूला सारून अभ्युदयनगरच्या कट्ट्यावरची ज्येष्ठ मंडळी प्रजननदरावर बोलू लागली आहेत. महाराष्ट्राचा दर १.७ वर आला म्हणे, आणि समाज टिकायचा तर २.१ हवा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी तीन मुलांचा सल्ला दिला. त्याआधी आंध्रात चंद्राबाबू नायडूही मुलं वाढवा म्हणून सांगून चुकले होते. शिशुवर्गाची फी कोणी भरायची, हे दोघांनीही सांगितलं नाही. पण थोरामोठ्यांनी एवढ्या तपशिलात शिरूही नये.

संततिनियमनानं समाज बुडणार, ही बातमी तशी शिळीच. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हाच तो बुडायला लागला होता. कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. विषय गणित! म्हणजे गुणाकार ज्याला कळत होता, नेमका तोच फळ्यापासून दूर झाला. पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी, ज्यांनी परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं संसार केला होता. कर्वे हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहानं तो पाडला आणि समाज पुन्हा एकदा वाचला.

त्याच काळात आमच्या या गिरणगावात दहा बाय बाराच्या खोल्यांतून गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपत होते. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा. बायका कोकणात नाहीतर घाटावर. भेट गणपतीला किंवा शिमग्याला. पाळणा लांबवण्याचा इतका स्वस्त आणि परिणामकारक कार्यक्रम गिरणीमालकांनंतर कोणत्याही सरकारला जमलेला नाही. त्यांच्यावर मात्र खटला भरावा असं कोणाही संस्कृतिरक्षकाला वाटलं नाही.

मग १९७६ उजाडलं. संततिनियमनाचा साधा ठराव ज्या मुंबई विधानसभेला झेपला नव्हता, तिचाच वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून निभावलं. ‘दुकान बंद करा’पासून ‘धरून आणा’पर्यंत आपण अडतीस वर्षांत पोचलो. मधलं ‘बाईला विचारा’ हे स्टेशन, फास्ट लोकलनं करी रोड ओलांडावं तसं, न थांबता गेलं.

आता पुन्हा ‘वाढवा’. पण वाढवणाऱ्यानं जपून. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला या राज्यात ग्रामपंचायतीत बसता येत नाही की नगरसेवक होता येत नाही. सरकारी नोकरीलाही छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे राष्ट्रकार्य करावं आणि उमेदवारी गमवावी! आमच्या वॉर्डात एवढा त्याग करणारा माणूस निवडणुकीच्या तोंडावर तरी दिसलेला नाही.

बायकांनी मात्र कोणाच्या भाषणाची वाट पाहिली नाही. कोणी तांबी बसवली, कोणी आरोग्यसेविकेकडून गोळ्या घेतल्या. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. कारण विचारा: बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनं म्हणे कमजोरी येते, वजन उचलवत नाही. हे सांगणारा दहीहंडीला तळाच्या थरात उभा असतो, खांद्यावर आठ थर घेऊन. वरून पडण्याचा विमा काढतो. पंधरा मिनिटांच्या सुईला घाबरतो.

कट्ट्यावरचा शेवटचा मुद्दा असा, की कुटुंबनियोजनामुळेच गिरणगावातला मराठी माणूस कमी झाला. तो डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेला, हे खरं. पण त्याला तिकडे निरोधानं नेलं, की जागेच्या भावानं? १९८२ च्या संपानंतर कामगारांच्या वाट्याला जी घरं आली, ती सव्वादोनशे चौरस फुटांची, तीही सोडतीत नंबर लागला तर. त्यात आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं, फ्रीज आणि गौरी-गणपतीचं मखर. तिसऱ्याचं स्वागतच आहे. त्यानं येताना म्हाडाचं ताबापत्र घेऊन यावं.