निपाणीचं पेशंट

"काकू, वरची खोली रिकामी हाय का? निपाणीची नणंद येतीया. स्टेंट बसवायचाय."

"कुठली रिकामी? सावंतवाडीचं बिऱ्हाड उतरलंय. म्हाताऱ्याचं ऑपरेशन, संगं चौघं, आणि गॅस माझा."

"सावंतवाडीला गोव्यातला बांबोळीचा दवाखाना जवळ की!"

"तिथंच जायची सगळी, फुकटात. पण २०१८ च्या जानेवारीपासनं गोव्यानं बाहेरच्यांस्नी पैसं लावलं. सिंधुदुर्गात लई बोंबाबोंब झाली तवा."

"बरोबर केलं त्यांनी. आपल्या कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात केसपेपरच्या लायनीत पुढं कानडी, मागं मालवणी. आपला नंबर दुपारी."

"आणि निपाणी गं कुठं येती?"

"ते येगळं. निपाणी आपलीच."

(मी इकडं पेपर उघडून बसलो होतो. पान मात्र उलटलं नव्हतं.)

"आपलीच तर! म्हणून २०२३ ला आपल्या सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांस्नी महात्मा फुले आरोग्य योजना द्यायची ठरवली. कर्नाटकचं तवाचं मुख्यमंत्री बोम्मई किती चिडलंवतं! नणंदेचं गाव यादीत हाय का बघ. आणि दवाखाना योजनेतला हाय का, ते भरती व्हायच्या आधी विचार. नंतर विचारून काय उपेग?"

"स्टेंट स्वस्त झालाय म्हणत्यात."

"झाला की. २०१७ ला किंमत बांधली, तीस हजाराच्या आत आणली. पण खोली, तपासण्या, डॉक्टरची फी? त्यांस्नी कुणी बांधलंय?"

"हे सगळं बाहेरच्या पेशंटनी करून ठेवलंय. चिकोडीचा माणूस ऊसबिल घेऊन येतोय, पैसं मोजतोय, तोच दर आपल्याला पडतोय."

"आणि ती आली नसती तर? कॅथलॅबचा हप्ता नुसत्या कोल्हापूरच्या छातीवर फिटतोय व्हय? आधी पुणं गाठायला लागायचं, न्हाईतर मिरज. वॉनलेससायबानं १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला, तवापासनं आपण तिथं बाहेरचंच. मिरजकर बी लायनीत हेच म्हणत असतील."

"पण गरिबानं जायचं कुठं? थोरल्या दवाखान्यात कॉट न्हाई, खाजगीत पैसा पुरत न्हाई."

"कॉट वाढवाव्यात सरकारनं. माणसं हाकलून कॉट वाढत न्हाईत."

"ते ऱ्हाऊ दे. सोमवारी खोली मोकळी हुईल न्हवं? भाडं पाचशेच ना?"

"सातशे."

"गेल्या महिन्यात पाचशे व्हतं!"

"सावंतवाडीवाली देत्यात की सातशे."