बारा आण्यांचा मसाला

कुपोषित बालकाला वाचविणे फार स्वस्त आहे, ही आधुनिक जागतिक व्यवस्थेपुढील एक गंभीर अडचण मानली पाहिजे. उपचार महागडा असता, तर त्याच्याभोवती समित्या, करारमदार आणि मालवाहू जहाजे उभी राहणे स्वाभाविक ठरले असते. परंतु ज्या अवस्थेवर शेंगदाण्याचा लगदा, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे व क्षार एवढा उतारा बहुधा पुरतो, तिच्याभोवती तोच पसारा मांडण्यासाठी संबंधितांना विशेष परिश्रम घ्यावे लागले.

या लगद्याची निर्मिती फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि नॉर्मंडीतील न्यूट्रिसेट कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास केली. त्यापूर्वी दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या आत भरलेले, म्हणजेच ‘अतितीव्र कुपोषित’ अथवा सरकारी बोलीत ‘सॅम’ ठरलेले मूल रुग्णालयात ठेवून त्यास भुकटीपासून केलेले उपचारात्मक दूध पाजावे लागे. त्या दुधाला स्वच्छ पाणी लागे आणि आईला घर, शेत व उरलेली मुले वाऱ्यावर सोडून खाटेशी बसावे लागे. लगद्यात पाणीच नसल्यामुळे त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, तो शिजवावा लागत नाही, शीतकपाटाविना टिकतो आणि 92 ग्रॅमच्या एका पाकिटातून 500 उष्मांक देतो. भूक शाबूत असलेले व अन्य गुंतागुंत नसलेले मूल यामुळे घरीच, सहा ते आठ आठवड्यांत सावरू शकते. त्यासाठी लागणारा सुमारे दीडशे पाकिटांचा खोका साधारण पन्नास डॉलरांस पडतो.

2005 साली नायजर या पश्चिम आफ्रिकी देशात अन्नटंचाई उद्भवली, तेव्हा ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संघटनेने याच लगद्याच्या आधारे साठ हजारांहून अधिक अतितीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले आणि त्यांतील बहुसंख्य बरी झाली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ममदू तांजा यांना मात्र आपली प्रजा खाऊनपिऊन सुखी दिसत होती, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले. राज्यकर्त्याची दृष्टी इतकी तेजस्वी असल्यावर दंड मोजणाऱ्या रंगीत पट्टीचे प्रयोजनच उरत नाही, आणि म्हणूनच 2008 साली, कुपोषणाचे आकडे फुगविल्याचा ठपका ठेवून, त्या संघटनेच्या फ्रेंच शाखेचे मरादी भागातील काम सरकारने थांबविले, हे तर्कास धरूनच झाले.

न्यूट्रिसेटकडील लगद्याच्या पेटंटाची कथा याहून सुसंस्कृत आहे. नायजरच्या शेतात भुईमूग पूर्वापार पिकतो, राजधानी नियामे येथे त्याचा लगदा करणारा कारखानाही परवान्याने चालू लागला, तरी लगद्याची कल्पना मात्र नॉर्मंडीतच मुक्कामास होती. 2009 च्या अखेरीस दोन अमेरिकी ना-नफा संस्था या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात गेल्या. पुढील वर्षी कंपनीने काही गरीब देशांतील उत्पादकांना उलाढालीच्या एक टक्का वाट्यावर पेटंट वापरू दिले. उदारतेचा उगम अनेकदा न्यायालयाच्या पायरीपाशी सापडतो.

भारतानेही या विषयात आपला वाटा उचलला. बिहार व मध्य प्रदेशात युनिसेफने आणलेली पाकिटे केंद्र सरकारने 2009 साली, आपल्या संमतीविना आली म्हणून, माघारी न्यावयास लावली. स्थानिक आहार व स्तनपान यांची जागा परदेशी पाकिटाने घेऊ नये, हा त्यामागील आक्षेप मुळीच हास्यास्पद नाही. हास्यास्पद असेल तर एवढेच की, तत्त्व आणि ताट यांपैकी तत्त्व नेहमी वेळेवर पोहोचते.

तरीही दातृत्वाचा खरा कळस अमेरिकेत पाहावयास मिळतो. तेथील सरकारी अन्नमदतीपैकी किमान निम्मा माल अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतूनच धाडावा, असा कायदा असल्यामुळे भुकेल्या बालकाच्या पोटात जाण्यापूर्वी मदतीला जहाजमालकांच्या पोटाची वाट धरावी लागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही मराठी म्हण येथे चालत नाही असे नव्हे. केवळ मसाला वाटण्याचे हक्क राखीव आहेत.

2025 मध्ये मात्र मसाल्यासह कोंबडीही नाकारण्यात आली. अमेरिकेची परदेश साहाय्य संस्था यूएसएड मोडीत निघाली, लगदा बनविणाऱ्या तेथील कारखान्यांना काम थांबविण्याचे, मग पुन्हा चालू करण्याचे आदेश मिळाले, आणि दुबईच्या गोदामात उच्च ऊर्जेची बिस्किटे, म्हणजे आणीबाणीत मुलांना द्यावयाचे पोषणयुक्त खाद्य, मुदत संपेपर्यंत पडून राहिली. सहाशेहून अधिक टन माल वेळेत सीरिया, बांगलादेश व म्यानमारकडे वळविता आला, ही प्रशासनाची चूकच म्हणावी लागेल, कारण त्यावरून उरलेलाही वळविता आला असता हे सिद्ध होते. त्या उरलेल्या सुमारे 500 टनांची किंमत आठ लाख डॉलरांच्या घरात होती. तो नष्ट करण्याचा खर्च आणखी लाखभर डॉलरांचा होता, आणि या रकमेसाठी निधी नसल्याची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.