आधी ठिकाण सांगा!

अपघात होतो. कुणीतरी ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावतो आणि ओरडतो, "लवकर या, फार लागलंय!" कुठे यायचं? ते सांगायच्या आत फोन ठेवलेला असतो.

दुसरा सांगतो, "मारुतीच्या देवळाजवळ." मारुतीचं देऊळ नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधून दाखवा!

महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात. त्यावरचा आकडा वाचून सांगितला की गाडीला शोधत फिरावं लागत नाही. पण हातातला मोबाईल व्हिडिओ काढण्यात गुंतलेला.

112 या आपत्कालीन क्रमांकावरून प्रश्न आले की आपण चिडतो. "प्रश्न काय विचारताय, गाडी पाठवा!" अहो, पाठवायची कुठे, तेच तर ते विचारतायत.

आणि गर्दीतली ती हाक: "कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!" कुणीतरी म्हणजे कोण? प्रत्येकाला वाटतं, शेजारच्याने फोन केला असेल. बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, तुम्ही 108 लावा. दादा, तुम्ही चौकात थांबा, गाडीला रस्ता दाखवा." नेमून दिलं की माणूस हलतो.

सरकारी निरोपांचं तर विचारूच नका. खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग! एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. अभियंत्याला हा आकडा हवाच. नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना हवं असतं ते वेगळंच: पाणी माझ्या दारात किती वाजता येणार, आणि मी जाऊ कुठे?

25 जुलै 2024. पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीच्या घरांत पाणी शिरलं. आम्हाला वेळेत कळवलंच नाही, ही रहिवाशांची तक्रार. आकडा धरणावर होता. थाप दारावर हवी होती.

"सतर्क राहा" हाही निरोप नव्हे. सतर्क राहून करायचं काय? "दहाच्या आत वरच्या मजल्यावर जा, मेन स्विच बंद करा, गाडी चढावर लावा." याला निरोप म्हणतात.

निरोप साधा माणूसही देऊ शकतो. 30 जुलै 2014, माळीण गाव. डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेर खबर दिली ती एसटीच्या चालकाने. गाव जागेवर नाही, हे त्याने पाहिलं आणि कळवलं. यंत्रणा त्यानंतर हलली.

आपलं रोजचं बोलणं कसं? "निघालोय" म्हणणारा अजून अंघोळीला गेलेला नसतो. "इथेच आहे" म्हणणारा दोन स्टेशनं मागे. ही सवय ऐन संकटात कशी सुटणार?

सहावीतल्या पोराला घराचा पत्ता विंग, मजला आणि जवळच्या खुणेसकट न अडखळता सांगता येतो का? आज जेवताना विचारा. मग स्वतःही सांगून बघा.